हिवाळी थव्यातील दुर्मिळ कुरवाचा शोध

उत्तर अमेरिकेतील महासरोवरांच्या (ग्रेट लेक्सच्या) काठी हिवाळ्यात जमणाऱ्या कुरवांच्या, म्हणजे सीगलच्या, थव्यांतून एखादा अनपेक्षित जातीचा पक्षी हुडकून काढणे हा तेथील पक्षीनिरीक्षकांचा छंद. ईरी सरोवरावरील क्लीव्हलँड, मिशिगन सरोवरावरील शिकागो आणि सुपीरियरवरील डुलुथ येथे तो जोरात चालतो. ईरी आणि ऑन्टॅरिओ यांना जोडणाऱ्या नायगारा नदीवर तर १९ जातींच्या कुरवांची नोंद झालेली आहे.

थवा कुठे बसणार हे बर्फ ठरवतो. ईरी हे पाचही सरोवरांत सर्वांत उथळ, सरासरी खोली जेमतेम १९ मीटर. त्यामुळे ते भराभर गोठते आणि उरलेल्या मोकळ्या पाण्यावर पक्ष्यांची झुंबड उडते. औष्णिक वीजकेंद्राचे कोमट पाणी जिथे सरोवरात पडते ती जागा हमखास. गिझर्ड शॅड नावाच्या माशाला थंडी सोसत नाही. अर्धमेला होऊन तो वर येतो आणि कुरवांचे आयते फावते. क्लीव्हलँडच्या ईस्ट ७२व्या रस्त्यापाशी वर्षानुवर्षे हेच चाले. तेथील लेक शोर वीजकेंद्र २०१५ मध्ये बंद झाले आणि कोमट पाण्याची ती सोयही संपली. सौम्य हिवाळ्यात पक्षी सरोवरभर पांगतात, म्हणून कडाक्याच्या थंडीबद्दल या मंडळींची सहसा तक्रार नसते.

थव्यातले बहुसंख्य पक्षी दोनच जातींचे: रिंग-बिल्ड आणि हेरिंग. पण रिंग-बिल्डला प्रौढ पिसारा यायला साधारण तीन वर्षे लागतात, हेरिंगला चार, आणि दरवर्षीचा पिसारा निराळा. त्यात पिसे झिजतात, उन्हाने विटतात. दोनच जाती समोर असूनही नवख्याला दहा दिसतात ते यामुळे. दुर्मिळ पक्षी शोधण्याचे निम्मे काम म्हणजे हे नेहमीचे पक्षी पाठ करणे, आणि ते काम कंटाळवाणे आहे हे मान्य करायला हरकत नाही.

स्कोप, म्हणजे एकनळी मोठी दुर्बीण, ट्रायपॉडवर लावून थवा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाळला जातो. प्रौढ पक्ष्यांत नजर आधी पाठीच्या करड्या रंगावर. हेरिंगच्या फिकट पाठींत एक गडद पाठ दिसली की थांबायचे आणि पाय पाहायचे: पिवळे असतील तर लेसर ब्लॅक-बॅक्ड, गुलाबी आणि पक्षी थोराड असेल तर ग्रेट ब्लॅक-बॅक्ड. पाय गडद गुलाबी, पाठ पाटीसारखी काळसर आणि उडताना पंखाच्या टोकाशी पांढऱ्या ठिपक्यांची माळ, तर ईशान्य आशियातून भरकटलेला स्लेटी-बॅक्ड असण्याची आशा. याउलट पंखांच्या टोकांना काळा रंगच नसेल तर ग्लॉकस किंवा आइसलँड. करडेपणा मोजायला शून्य म्हणजे पांढरा आणि १९ म्हणजे काळा अशी कोडॅकची पट्टी अभ्यासक वापरतात. प्रत्यक्ष काठावर मात्र ढगाळ उजेडाइतके उपयोगी काही नाही. लख्ख उन्हात पक्ष्याने अंग वळवले की तीच पाठ दोन छटांनी बदलते.

खरी पंचाईत संकरांची. ग्लॉकस आणि हेरिंगचा संकर कोणत्याच वर्णनात धड बसत नाही. शास्त्रज्ञांचेही एकमत टिकत नाही: थेयरचा कुरव १९७३ मध्ये स्वतंत्र जात ठरला आणि २०१७ मध्ये पुन्हा आइसलँड कुरवात विलीन झाला, अनेकांच्या पाहिलेल्या पक्ष्यांच्या यादीतली एक जात त्या दिवशी कमी झाली. एकाच लक्षणावर पक्षी ठरवणे हा या छंदातला सर्वांत मोठा दोष. डोळा, चोच, पाय आणि उडत्या पंखाचा फोटो एकत्र जुळले तरच नोंद टिकते.

काही पाहुण्यांपुढे मात्र वादाला जागा नसते. जानेवारी २०१६ मध्ये डुलुथला आलेला आयव्हरी कुरव पांढराशुभ्र, काळ्या पायांचा, थेट उत्तर ध्रुवाकडचा; मार्च २०२३ मध्ये शिकागोच्या दक्षिण किनाऱ्यावर रॉसचा इवलासा कुरव उतरला तेव्हाही लोक दुरून गाड्या हाकत आले.

महाराष्ट्रात बर्फाचा प्रश्न नाही, पण चाळण्याची रीत तीच. भिगवणजवळ उजनीच्या जलाशयावर हिवाळ्यात तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे कुरव दिसतात. नावातली डोकी तेव्हा पांढरी असतात, कानामागे गडद ठिपका उरतो. प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिकट आणि काळ्या पंखटोकांत पांढरे डाग, तर दुसऱ्याचा डोळा गडद. त्यांच्यात दुपटीहून वजनदार पल्लासचा कुरव बसला तर दुर्बिणीवाचूनही ओळखू येतो.