कर्दळ की सोनटक्का? कंद लावण्याआधी एवढं बघा

जून लागला की कंदांची देवाणघेवाण सुरू होते. वर्तमानपत्रात गुंडाळलेले, माती चिकटलेले चार तुकडे हातात येतात आणि देणारी सांगते, "कर्दळ आहे, नाहीतर सोनटक्का असेल. लावून बघ." या लावून बघण्यात अख्खा पावसाळा जातो. दोघांचे कंद सारखे दिसतात, पानंही लांबून सारखी, पण उन्हाच्या बाबतीत दोघांचं जमत नाही. कर्दळीला दिवसभराचं ऊन हवं. सोनटक्क्याला सकाळचं ऊन पुरतं, दुपारची सावली लागते. जागा चुकली की कर्दळ नुसती पानांनी माजते आणि सोनटक्क्याची पानं कडेने करपतात.

घोळ होण्याला कारण आहे. केळ, आलं, हळद, कर्दळ आणि सोनटक्का ही सगळी वनस्पतिशास्त्रात एकाच गणातली. सोनटक्का थेट आल्याच्या कुळातला, कर्दळीचं कूळ वेगळं. फुलातही गंमत अशी, की दोघांच्या ज्या रंगीत किंवा पांढऱ्या 'पाकळ्या' आपण बघतो ते खरं तर पसरट झालेले वांझ पुंकेसर असतात. कर्दळीच्या खऱ्या पाकळ्या त्यांच्या मागे अरुंद, टोकदार दिसतात.

फूल नसताना ओळखायचं तर आधी नाक वापरा. कंदाची साल नखाने खरवडा. आल्यासारखा वास आला तर सोनटक्का. कर्दळीच्या कंदाला बटाट्यासारखा कच्चा, पिठूळ वास येतो. त्यात स्टार्च भरपूर असतो. अँडीज पर्वतातले लोक कर्दळीचे कंद खातात, आणि व्हिएतनाममध्ये त्याच्या पिठाच्या शेवया होतात.

रोप उभं असेल तर वरून बघा. सोनटक्क्याची पानं दांड्याच्या दोन बाजूंना, शिडीच्या पायऱ्यांसारखी एकाच पातळीत लागतात. ती निमुळती, जेमतेम चार बोटं रुंद, खालून लवदार. पान जिथे दांड्याला मिठी मारतं तिथे पातळ पापुद्र्यासारखी जीभ दिसते. कर्दळीला ती जीभ नसते. तिची पानं दांड्याभोवती फिरत चढतात, वीतभर रुंद असतात आणि अगदी गुळगुळीत. हिरवी काटेरी बोंडं दिसली तर प्रश्नच मिटला, ती कर्दळ.

आता उन्हातल्या गड्याबद्दल. कर्दळ मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातली, शास्त्रीय नावात 'इंडिका' असलं तरी. उंच जाती पुरुषभर वाढतात, बुटक्या कमरेपर्यंत. किमान सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा निवडा. दोन-तीन डोळे असलेला, 8 ते 10 सेंटिमीटरचा तुकडा घ्या, कापलेला भाग राखेत बुडवून एक दिवस सावलीत सुकवा. मग डोळे वर ठेवून चार बोटं खोल लावा. दोन कंदांत उंच जातींसाठी दीड ते दोन फूट अंतर, बुटक्यांना एक फूट. चौरस मीटरला एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड पुरे. युरिया घालू नका. पानं लुसलुशीत होतात, अळीला मेजवानी मिळते आणि फूल लांबतं. चांगला कंद अडीच-तीन महिन्यांत फुलतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती छाटणीत. पहिला तुरा संपला की लोक दांडा मुळाशी कापतात. थांबा. सुकलेल्या तुऱ्याच्या खाली, शेवटच्या पानाच्या बगलेत बारीक कळ्यांचा दुसरा फुटवा दडलेला असतो. फक्त सुकलेला भाग त्याच्या वर कापा, आठ-दहा दिवसांत दुसरा तुरा वर येतो. तोही संपला की मग दांडा जमिनीलगत काढा. त्याला पुन्हा फूल येत नाही, उगाच नव्या फुटव्यांची जागा अडवतो.

उलगडलेल्या पानावर सरळ रेषेत, शिवणीच्या टाक्यांसारखी भोकं दिसली तर अळी आजची नाही. पान सुरळीसारखं गुंडाळलेलं असतानाच तिने एका जागी आरपार खाल्लेलं असतं. त्यामुळे उघड्या पानावर फवारून काही होत नाही. लिटरभर पाण्यात 5 मिलि निंबोळी तेल आणि चिमूटभर साबण मिसळून संध्याकाळी सुरळीच्या तोंडात ओता. पानाखाली नारिंगी पूड म्हणजे तांबेरा. ती पानं काढून जाळा, पाणी पानांवर न मारता आळ्यात द्या. शिरांना समांतर पिवळ्या तुटक रेषा आणि खुरटलेली वाढ हे विषाणूचं लक्षण, याला औषध नाही. कंदासकट उपटा आणि कोयता स्पिरिटने पुसून घ्या. काही जातींची पानं मुळातच पिवळ्या पट्ट्यांची असतात, ती रोगट समजून फेकू नका. त्यांचे पट्टे ठसठशीत, सगळ्या पानांवर सारखे असतात आणि वाढ दमदार असते.

बियांपासून कर्दळ करायची तर कानस हवी. काळं, वाटाण्याएवढं बी इतकं कठीण असतं, की अर्जेंटिनात एका प्राचीन दफनस्थळी अक्रोडाच्या कवचात सापडलेलं सुमारे 600 वर्षं जुनं बी रुजलं होतं. आपल्याला तेवढी वाट बघायची नाही, तेव्हा साल घासून आतला पांढरा भाग दिसू द्या आणि एक दिवस कोमट पाण्यात भिजवा. मात्र संकरित जातींची रोपं आईसारखी निघत नाहीत. रंग जपायचा तर कंदच लावा.

सोनटक्का पूर्व हिमालयाच्या बाजूचा, ओढ्याकाठचा. कंद उथळ, दोन बोटांवर लावा, वर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला आणि माती सतत ओलसर ठेवा. कोकणातल्या दमट हवेत तो उन्हातही तग धरतो. पुण्यात, मराठवाड्यात, विदर्भात मात्र भिंतीच्या पूर्वेला लावा. जुन्या घरांत मोरीच्या पाण्यावर दोघंही सुखाने वाढायची, पण ते पाणी वाहतं असायचं. कुंडीत साचलेल्या पाण्यात सोनटक्क्याचा कंद सडतो, दांडा हलक्या हाताने ओढला तरी उपटून येतो. फुलं श्रावणापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत, संध्याकाळी उमलणारी, दुसऱ्या दिवशी मलूल. लावणीच्या वर्षी ती मोजकीच येतात.

हिवाळ्यात पानं पिवळी पडून सोनटक्का बसतो. मेला समजून आळं खणू नका. पिवळे दांडे कापा, पाणी आठवड्यातून एकदाच द्या. वळवाचा पाऊस झाला की त्याच आळ्यातून लालसर कोंब वर येतात. कर्दळीचं असं नाही. पाणी मिळत राहिलं तर आपल्याकडे ती बारा महिने फुलते, म्हणूनच दर दोन-तीन वर्षांनी गड्डे काढून विरळ करावी लागते. ते वाटताना एवढं करा, पिशवीवर नाव लिहून द्या.