कामेन रायडर की सुपर सेंताई? हेल्मेट सारखं, भानगड वेगळी

जपानी सुपरहिरोंच्या सिरीयली नव्याने बघायला घेतल्या की पहिला घोळ ठरलेला. अंगाला चिकटलेला सूट, अख्खं तोंड झाकणारं हेल्मेट, कमरेला नाहीतर मनगटाला काहीतरी लुकलुकणारं यंत्र, हातवारे करून जोरात आरोळी, मग कुठल्यातरी दगडाच्या खाणीत राक्षसाशी हाणामारी आणि शेवटी मागे मोठ्ठा स्फोट. हे कामेन रायडरमध्ये पण आणि हेच सुपर सेंताईमध्ये पण. त्यात दोन्ही तोएई कंपनीच्या, दोन्ही टीव्ही असाहीवर, दोन्ही रविवारी सकाळी लागोपाठ लागायच्या (२०१७ च्या ऑक्टोबरपासून रायडर नऊला, सेंताई साडेनऊला), आणि कहर म्हणजे दोन्हींच्या मुळाशी माणूसही एकच, शोतारो इशिनोमोरी हे मांगा (जपानी कॉमिक्स) काढणारे गृहस्थ. त्यामुळे कुणी सरसकट सगळ्यांना 'ते पॉवर रेंजर्स' म्हटलं तर त्याला फार बोलता येत नाही.

पॉवर रेंजर्सचं आधी निस्तरून टाकू. ज्यांच्या शाळेनंतरच्या संध्याकाळी टून डिस्नेवरच्या जेटिक्सवर हिंदीतलं 'एस.पी.डी.' आणि 'मिस्टिक फोर्स' बघण्यात गेल्यात त्यांनी निम्मी सेंताई ऑलरेडी बघितलीये, फक्त त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हाइम सबान नावाच्या निर्मात्याने ८० च्या दशकात जपानमध्ये सेंताई बघितली आणि त्याच्या डोक्यात आलं की मारामारीचे आणि रोबोटचे जपानी सीन तसेच वापरायचे आणि हेल्मेट निघाल्यावरची माणसं तेवढी अमेरिकन घ्यायची, खर्च वाचला. बरीच वर्षं कुणी ऐकून घेतलं नाही, मग १९९२ च्या 'झ्यूरेंजर'चं फुटेज घेऊन १९९३ मध्ये पहिलं पॉवर रेंजर्स आलं आणि पुढचं सगळ्यांना माहितीये. एस.पी.डी. म्हणजे २००४ ची 'देकारेंजर', मिस्टिक फोर्स म्हणजे २००५ ची 'माजिरेंजर'. रायडरवर पण सबानने १९९५ मध्ये हाच प्रयोग केला, तो काही चालला नाही. (आपल्या आधीच्या पिढीला दूरदर्शनवरचा 'जायंट रोबोट' आठवत असेल, तो पण तोएईचाच, १९६७ चा. म्हणजे ही कंपनी आपल्या घरात कधीपासून येऊन बसलीये बघा.)

आता मुद्दा. फरक विचारला की बहुतेक जण सांगतात, रायडर एकटा असतो आणि सेंताई म्हणजे पाच जणांची टीम. ऐकायला बरोबर वाटतं पण चार सिरीज बघितल्या की हे टिकत नाही. २००२ च्या 'र्‍यूकी'मध्ये तेरा रायडर आहेत आणि ते एकमेकांच्याच जिवावर उठलेत, शेवटी जो उरेल त्याची इच्छा पूर्ण होणार म्हणून. २००९ च्या 'डबल'मध्ये दोन माणसं मिळून एक रायडर. इकडे १९८१ ची 'सन वल्कन' ही सेंताई तिघांचीच, आणि २०२१ च्या 'झेनकायजर'मध्ये माणूस एक आणि बाकी चार जण रोबोट. बाइकचंही तेच, नावात रायडर असून २०१४ चा 'ड्राइव्ह' चक्क कार चालवतो आणि २००७ चा 'देन-ओ' ट्रेनवाला. म्हणजे डोकी मोजून किंवा गाडी बघून काही ठरत नाही.

माझ्या मते बघायचं ते हे की यांना ताकद दिली कुणी.

१९७१ च्या एप्रिलमध्ये पहिला कामेन रायडर आला त्याची गोष्टच बघा ना. ताकेशी होंगो नावाचा हुशार कॉलेजकुमार, त्याला शॉकर नावाची संघटना पळवून नेते, ऑपरेशन टेबलवर घालते आणि त्याचा नाकतोड्याच्या रूपातला यंत्रमानव करते. मेंदूवर ताबा मिळवायचं शेवटचं ऑपरेशन बाकी असताना तो निसटतो. म्हणजे ज्या राक्षसांना तो दर आठवड्याला लाथ घालतो ते पण त्याच टेबलवर तयार झालेले आणि हा पण तिथलाच. रायडरचं हे दुखणं ५० वर्षं झाली तरी सुटलेलं नाही. 'डबल'मध्ये गुन्हेगार ज्या पेनड्राइव्हसारख्या मेमरी वापरून राक्षस होतात त्याच मेमरी हिरोच्या बेल्टमध्ये, 'ओझ'मध्ये राक्षसांची मेडल तीच हिरोची मेडल, 'एक्स-एड'मध्ये डॉक्टर लोक ज्या व्हायरसशी लढतात त्याच व्हायरसच्या जोरावर ते रायडर होतात, आणि २०२४ च्या 'गाव्ह'मध्ये तर हिरो स्वतःच अर्धा राक्षस, वरून पोटावर तोंड, आणि चिप्स-चॉकलेट खाऊन लढतो. दिसायला एकदम बालिश, पण राक्षस माणसांना पकडून त्यांचा खाऊ बनवतात हे कळल्यावर हसू जरा आवरतं घ्यावं लागतं.

सेंताईत हे असलं काही नाही. १९७५ ची पहिली 'गोरेंजर' घ्या. ईगल नावाची जगाचं रक्षण करणारी संघटना, तिच्या ठिकठिकाणच्या शाखांवर हल्ला होतो, वाचलेल्या पाच जणांना सूट दिला जातो, रंग वाटून दिले जातात, चला कामाला लागा. ताकद वरून आलेली, आपल्या बाजूची, स्वच्छ. कधी संघटना देते, कधी प्राचीन देवता, कधी एखादा बोलणारा रोबोट. त्यामुळे सेंताईवाल्यांना 'मी कोण, मी राक्षस तर नाही ना' असली रात्रीची झोप उडवणारी काळजी सहसा नसते, त्यांची सगळी कटकट आपसातली. हा ऐकत नाही, तो उशिरा येतो, सहावा मेंबर मधेच घुसलाय आणि त्याला भाव पाहिजे. गोरेंजरचा अड्डा एका कॉफी शॉपखाली होता आणि पिवळ्या रेंजरला प्लेटच्या प्लेट करी हाणायची सवय, तो विनोद इतका चालला की पिवळा म्हटलं की करी हे समीकरण जपानमध्ये अजून लोकांच्या डोक्यात आहे. रायडरमध्ये असला जोक बसवायला जागा सापडायला वेळ लागतो.

जवळून बघायचं तर २००० चा 'कूगा' लावा. दहा वर्षांच्या गॅपनंतर टीव्हीवर परत आलेला रायडर, जो ओदागिरी हा तेव्हा नवखा असलेला हिरो. दुसर्‍या एपिसोडमध्ये तो राक्षसाने मारलेल्या एका माणसाच्या अंत्यविधीत त्याच्या मुलीला रडताना बघतो. त्यानंतर जळत्या चर्चमध्ये पोलीस ऑफिसरसमोर उभा राहून तो सांगतो की असल्यांपायी अजून कुणाचे अश्रू बघायचे नाहीयेत, आणि मारता मारता त्याचा सूट पांढर्‍याचा लाल होतो. भारी सीन आहे, आगीच्या ज्वाळा खर्‍या. पण मला त्याहून जास्त लागलं ते वेगळंच: पोलिसांच्या यादीत राक्षसांना नंबर दिलेत आणि त्याच यादीत कूगालाही नंबर आहे, अज्ञात जीव क्रमांक चार. तो वाचवतोय ते दिसत असूनही सुरुवातीला त्याच्यावर पण बंदुका रोखलेल्या. आणि शेवटच्या लढाईत बर्फात दोघंच, मधेमधे सूट गायब होऊन नुसती माणसं एकमेकांना बुक्क्या मारताना दिसतात, राक्षस हसतोय आणि हिरो रडतोय. रविवारी सकाळी आठला लहान पोरांसाठी हे लावलं होतं बरं का.

आता याच्या शेजारी 'देकारेंजर' ठेवा, जेटिक्सवाल्यांना सोयीचं म्हणून. पाच जण अंतराळ पोलीस, निळ्या कुत्र्याचं डोकं असलेले बॉस, सूट म्हणजे युनिफॉर्म आणि ताकद म्हणजे सरकारी. नंबर लावायचा तर तो हे लोक गुन्हेगारांना लावणार. गंमत अशी की एस.पी.डी. बघून आलेल्यांना इथे एक धक्का बसतो. अमेरिकन व्हर्जनमध्ये गुन्हा सिद्ध झाला की तो एलियन कार्डात बंद व्हायचा, जेल टाइप, आठवतंय ना? जपानी मूळ सिरीजमध्ये फोनसारखं ते लायसन्स उघडतात, थेट अंतराळ कोर्टातून निकाल येतो, निळा गोल म्हणजे निर्दोष आणि लाल फुली म्हणजे संपवायची परवानगी. आणि संपवतात, कार्डबिर्ड काही नाही. त्यामुळे 'सेंताई म्हणजे गोड आणि रायडर म्हणजे डार्क' असं जे सोपं करून सांगतात ते पण मला पटत नाही. देकारेंजरमधली शिक्षा रायडरपेक्षा कडक आहे, फक्त ती करताना कुणाचा हात थरथरत नाही कारण वरून ऑर्डर आलीये. कूगाकडे वरून ऑर्डर देणारं कुणी नाही, प्रत्येक बुक्की त्याची त्याला झेपवायची.

बरं, हे सगळं नको आणि टीव्हीवर काय चाललंय ते पटकन ओळखायचंय तर सोपी खूण: राक्षस मेला आणि एपिसोड अजून उरलाय का? तो उठून बिल्डिंगएवढा झाला आणि आपल्या बाजूने रोबोट आला की सेंताई. रोबोट सुरुवातीपासून नव्हता हे मला नव्याने कळलं, गोरेंजरमध्ये तो नाहीच. तोएईने १९७८ मध्ये मार्वलशी करार करून जपानी स्पायडर-मॅन काढला, त्याला (का ते विचारू नका) लिओपार्डन नावाचा अवाढव्य रोबोट दिला, तो पोरांना आवडला आणि पुढच्या वर्षीच्या 'बॅटल फीव्हर जे' या सेंताईत रोबोट आला तो कायमचा. म्हणजे मेगाझॉर्डचा (पॉवर रेंजर्समधल्या त्या मोठ्या रोबोटचा) काका एका अर्थी स्पायडर-मॅनचा रोबोट. रायडरची ती फेमस हेनशिनची (म्हणजे रूप बदलायची) पोज पण अशीच आडवाटेने आलेली: पहिल्या सिरीजच्या शूटिंगला हिरो हिरोशी फुजिओका यांचा मोटरसायकलवर अपघात होऊन पाय मोडला, घाईघाईत दुसरा रायडर आणावा लागला, आणि हात फिरवून पोज घेऊन बदलायची पद्धत त्या दुसर्‍यापासून सुरू झाली. त्याआधी होंगो बाइक पळवायचा आणि बेल्टला वारा लागून बदलायचा. पोरांना घरी बाइक पळवता येत नाही, हात फिरवता येतात, मग काय, गल्लोगल्ली तेच.

इथून खेळण्यांकडे यायलाच लागतं कारण दोन्ही सिरीयली बांदाईची खेळणी खपवण्यावर उभ्या आहेत, उगाच लपवण्यात अर्थ नाही. सेंताईत मुख्य माल म्हणजे जोडून मोठा होणारा रोबोट, रायडरमध्ये बेल्ट. आणि त्या बेल्टमध्ये घालायचं काहीतरी छोटं, मेमरी, मेडल, कुलूप, जे एक घेऊन भागत नाही. नवख्या माणसाला सगळ्यात जास्त वैताग याचा येतो. कथा रंगात आलेली असते, कुणीतरी मरणाच्या दारात, आणि एवढ्यात बेल्ट मोठ्या आवाजात गाणं म्हणायला लागतो कारण नवीन फॉर्म आलाय आणि तो पुढच्या शनिवारी दुकानात येणार. माझ्या सहा वर्षांच्या भाच्याला मात्र नेमका तोच भाग रिवाइंड करून पाहिजे असतो, मेलं कोण याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आणि ती कळल्यावर माझं बघणंच बदललं. हेल्मेट चढलं की आत वेगळा माणूस असतो, सूट ॲक्टर. सेइजी ताकाइवा या एकाच माणसाने २००१ पासून २०१९ पर्यंतचे जवळजवळ सगळे मुख्य रायडर आतून केलेत, मधला एक 'हिबिकी' सोडून. चेहरा दिसत नाही, आवाज हिरोचा, तरी मानेच्या एका झटक्यावरून हा आत्ता बावळट आहे का भडकलाय हे कळतं. देन-ओमध्ये एका शरीरात वेगवेगळे भुतासारखे जीव येतात, प्रत्येकाची चाल वेगळी, आणि सूटमध्ये प्रत्येक वेळी तोच माणूस. सेंताईतल्या पिंक रेंजरच्या आत बरेचदा पुरुष असतो हे सांगितलं तर घरी कुणी विश्वास ठेवत नाही.

कुठून सुरुवात करायची विचाराल तर लहान मुलांबरोबर सेंताई, कारण एका एपिसोडला एक गोष्ट संपते आणि मधला चुकला तरी बिघडत नाही. रायडरच्या २००० नंतरच्या बर्‍याच सिरीजमध्ये गोष्ट दोन-दोन एपिसोडला ताणलेली असते आणि मागचं लक्षात ठेवावं लागतं. कूगा पोरांना दाखवू नका, तो रात्री एकटे बघा. तोएईच्या यूट्यूब चॅनलवर बर्‍याच जुन्या सिरीजचे पहिले दोन एपिसोड फुकट टाकलेत, तेवढ्यावर अंदाज येतो.

आणि सेंताई बघायचीच असेल तर आत्ता त्याला एक कारण पण आहे. २०२५ ची 'गोझ्यूजर' ही पन्नाशीची सिरीज, आणि ती संपल्यावर सेंताई थांबवून त्या वेळेला 'गावान'ची नवी सिरीज आणायचं टीव्ही असाहीने जाहीर केलं. गावान म्हणजे तोएईचाच १९८२ चा चकचकीत धातूच्या सूटमधला अंतराळ पोलीस. टीम नाही आणि रायडर पण नाही, म्हणजे नव्याने येणार्‍यांचा घोळ अजून एकाने वाढणार.