रॉड मध्येच बंद होतो? ओव्हन परत आणण्याआधी हे वाचा

दिवाळी आणि नाताळच्या सुमारास आमच्या काउंटरवर एक तक्रार हमखास येते : "रॉड लाल होतो आणि थोड्या वेळानं आपोआप बंद पडतो. ओव्हन बदलून द्या." कागल, गडहिंग्लज, गारगोटीहून माणसं एवढं जड खोकं एसटीतून कोल्हापूरला घेऊन येतात. आम्ही प्लग लावतो, ओव्हन तापतो, रॉड बंद होतो, परत लागतो. ओव्हन धडधाकट असतो. हेलपाटा मात्र वाया जातो, म्हणून हे माहितीपत्रक आता प्रत्येक ओटीजीसोबत (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, म्हणजे विजेच्या रॉडवर तापणारा घरगुती ओव्हन) देत आहोत.

तापमानाचं बटण १८० अंशांवर ठेवलंत की आतली हवा तेवढी तापेपर्यंत रॉड चालू राहतो. तापमान गाठलं की थर्मोस्टॅट वीज तोडतो, हवा जरा निवली की पुन्हा जोडतो. इस्त्री तापल्यावर तिचा दिवा जातो, तसंच हे. केक भाजून होईपर्यंत ही चालू-बंद सुरूच राहायला हवी. उलट १८० वर ठेवून अर्धा तास झाला तरी रॉड एकदाही बंद झाला नाही, तर मात्र जरूर आणा. तो खरा बिघाड.

आता मुख्य गोष्ट. रॉड बंद दिसला की हात बटणाकडे जातो आणि १८० चे २२० होतात. रॉड लगेच पेटतो, जिवाला बरं वाटतं, पण केकचं नुकसान तिथेच होतं. वरचा पापुद्रा आधीच घट्ट धरतो, मधलं मिश्रण अजून पातळच असतं. ते फुगायला लागलं की पापुद्रा फोडून वर येतं. केक घुमटासारखा तडकतो, कडा करपतात, आणि बाहेर काढल्यावर मध्ये खड्डा पडतो. सुरी खुपसली की ओलं पीठ चिकटून येतं. मग दोष प्रीमिक्सला, अंड्यांना, कधी आमच्या टिनला. कृपया एकदा लावलेल्या बटणाला हात लावू नका.

रॉडचं हे बंद होणंच तुमच्या कामाचं आहे. रिकामा ओव्हन तापायला लावा. रॉड पहिल्यांदा बंद झाला की हवा तापली असं समजा, भिंती तापायला आणखी पाच मिनिटं द्या आणि मग टिन आत ठेवा. थंड ओव्हनमध्ये ठेवलेल्या केकमधला बेकिंग पावडरचा वायू केक धरायच्या आतच निघून जातो आणि केक बसका होतो.

वडीलधारी मंडळी सांगतात की पूर्वी नानकटाईचे पत्रे बेकरीच्या भट्टीवर नेऊन भाजून आणायचो, तिथे कधी बिघडायचं नाही. बरोबरच आहे. भट्टीच्या विटा तासन्‌तास उष्णता धरून ठेवतात. ओटीजी म्हणजे पातळ पत्रा. दार उघडलं की गरम हवा बाहेर. केक असेल तर पहिली वीस मिनिटं दार उघडू नका, काचेतून बघा. नानकटाईचा एका वेळी एकच ट्रे लावा, मधल्या कप्प्यात.

टायमर शून्यावर असेल तर बहुतेक ओटीजींत रॉड लागतच नाही. "चालूच होत नाही" या तक्रारीमागं बऱ्याचदा एवढंच असतं. प्लग १६ अँपियरच्या सॉकेटमध्येच लावा, साध्या एक्स्टेंशन बोर्डवर नको. खेडेगावात संध्याकाळी विजेचा दाब उतरतो त्याचाही विचार करा : २३० ऐवजी १८० व्होल्ट आले की रॉडची ताकद जेमतेम ६० टक्के उरते. अशा वेळी बटण वाढवून उपयोग नाही. दुपारी भाजा किंवा तापायला जास्त वेळ द्या.

काही ग्राहक रागावतात की पैसे देतोय तरी १६ लिटरच्या ओव्हनसाठी दहा इंची टिन द्यायला आम्ही का कां-कूं करतो. टिनच्या चारी बाजूंनी निदान एक इंच मोकळं राहिलं नाही तर गरम हवा फिरत नाही, आणि एक बाजू करपते. म्हणून आधी ओव्हन किती लिटरचा ते विचारतो. अर्ध्या किलोला सहा इंची आणि एक किलोला आठ इंची गोल टिन घरच्या कामाला पुरतो. काळा टिन उष्णता जास्त ओढतो, त्यासाठी तापमान दहा-पंधरा अंश कमी ठेवा.

छोट्या ओटीजीत बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत दहा-वीस अंशांचा फरक असू शकतो. आत टांगायचा थर्मामीटर आमच्याकडे मिळतो. सिलिकॉनचे साचे आणि नोझलचा संच नंतर घ्या, आधी हा घ्या, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो.

काउंटरवरच्या बेबिंकाबद्दलही (गोव्याचा थराथरांचा गोड पदार्थ) थोडं सांगायला हवं, कारण "मेणासारखा लागतो" म्हणून काहीजण अर्धा पुडा परत आणतात. त्यात भरपूर तूप, नारळाचं दूध आणि अंड्याचा पिवळा बलक असतो. फ्रिजमधून काढून तसाच खाल्ला तर गोठलेलं तूप टाळूला चिकटणारच. पातळ काप करा, ओटीजीत १५० वर पाच मिनिटं ठेवा आणि कोमट खा. मग जायफळाचा वास येतो आणि थर जिभेवर सुटे होतात. प्रत्येक थर वरून आच देऊन भाजल्यावरच त्यावर पुढचा ओततात, म्हणून तो महाग. २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तुमच्या ओटीजीत फक्त वरचा रॉड लावायची सोय असेल तर घरीही जमेल, फक्त सवड हवी. अंडं चालत नसेल तर पुड्यावरची मांसाहाराची तपकिरी खूण आधी बघा. उघडलेला पुडा आम्ही परत घेत नाही. अख्खा घेण्याआधी चव बघायची असेल तर मागा, एक काप गरम करून देतो.