कोकणातील घरे आणि उन्हाळ्यातील गारवा

कोकणच्या किनारपट्टीवर मार्चपासून पाऊस लागेपर्यंत, वातानुकूलन यंत्रणा न बसवता किंवा एखाद्या खोलीपुरतीच बसवून, घर राहण्याजोगे ठेवण्याच्या पद्धती. घराची बांधणी, अंगणातला मांडव, भोवतालची झाडे, खिडक्या उघडण्या-मिटण्याच्या वेळा आणि पंख्यासारखी साधी उपकरणे यांचा त्यात समावेश होतो. सगळ्या घराला डक्टमधून (छतालगतच्या हवेच्या नळांतून) गार हवा पुरवणारी यंत्रणा इथल्या घरांत क्वचितच दिसते. कौलारू घरात ती बसवून उपयोगही नाही, कारण कौलांच्या फटींतून हवा सतत ये-जा करते. स्लॅबच्या घरात डक्टसाठी छत खाली घ्यावे लागते, आणि कोकणात छत जितके खाली तितका उकाडा अधिक.

उकाड्याचे स्वरूप

मे महिन्यात अलिबाग, रत्नागिरी, वेंगुर्ला या किनाऱ्यावरच्या गावांत दुपारचे तापमान ३३ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. नागपूर-अकोल्याच्या माणसाला हा आकडा ऐकून हसू येईल. मात्र त्याच वेळी हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ-सत्तर टक्के असते आणि रात्रीही पारा पंचवीस-सत्तावीसच्या खाली उतरत नाही. घाम येतो, वाळत नाही. उष्णतेची लाट ठरवताना भारतीय हवामानशास्त्र विभाग मैदानी प्रदेशासाठी किमान ४० अंशांची अट धरतो आणि किनारी केंद्रांसाठी ३७ अंशांची, ती याच कारणाने. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर झालेल्या पुरस्कार सोहळ्यात उष्माघाताने माणसे दगावली, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता.

जमीन तापली की दुपारच्या सुमारास समुद्राकडून खारे वारे सुटतात. रात्री जमीन निवल्यावर उलट दिशेचे मतलई वारे वाहतात, पण त्यांना फारसा जोर नसतो. घाटाकडून येणारी कोरडी पूर्वेची हवा जोरात असली की खारा वारा उशिरा लागतो. मार्च-एप्रिलमध्ये किनाऱ्यावरही पारा एकाएकी चढतो तो अशा दिवसांत. मे महिन्यात अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणीच २९-३० अंश असते, त्यामुळे त्यावरून येणारा वारा त्याहून गार असण्याचे कारण नाही. कोकणातल्या घराला यंत्राशिवाय किती थंड करता येईल, याची मर्यादा इथेच ठरते. उद्दिष्ट बाहेरच्या हवेहून थंड घराचे नसते. बाहेरच्या सावलीपेक्षा गरम न होणाऱ्या, वारा खेळत्या घराचे असते.

महाड, चिपळूण, लांजा अशा आतल्या भागात गणित थोडे वेगळे आहे. तिथे खारा वारा उशिरा आणि थकून पोहोचतो, दिवस जास्त तापतात, पण रात्री त्या मानाने उतरतात. सह्याद्रीच्या पायथ्याच्या भिऱ्याला (जि. रायगड) मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंश तापमान नोंदले गेले होते. म्हणून किनाऱ्याचा सल्ला जसाच्या तसा खोऱ्यातल्या घराला लावू नये.

पाणी का चालत नाही

दर उन्हाळ्यात चाकरमानी गावी येतात आणि त्यांच्यापैकी कोणीतरी कूलर घेऊन येतो. पहिल्या रात्री बरे वाटते, दुसऱ्या रात्री गाद्या ओलसर लागतात, बरणीतल्या मिठाला पाणी सुटते आणि तिसऱ्या दिवशी कूलर पाण्याशिवाय, नुसता पंखा म्हणून चालू लागतो.

कारण सरळ आहे. पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता घेते, म्हणून हवा गार होते. ही वाफ कुठवर होईल हे हवा किती कोरडी आहे यावर ठरते. विदर्भात ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओले फडके गुंडाळलेल्या तापमापकाचा पारा साधारण २२ अंशांवर थांबतो. म्हणजे खाली उतरायला वीस अंशांची जागा असते; चांगला कूलर त्यातली तीन चतुर्थांश तरी कापतो आणि खोलीत सत्तावीसच्या आसपास हवा सोडतो. किनाऱ्यावर ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेत तोच पारा साडेसत्तावीसच्या आसपास अडकतो. जागा साडेपाच अंशांची, त्यात कूलर चारेक अंश मिळवून देणार, आणि त्या बदल्यात हवा जवळजवळ दमट वाफेची करून टाकणार. दार-खिडक्या मिटून कूलर लावणे तर इथे शुद्ध शिक्षा आहे. वाळ्याच्या ओल्या पडद्यांचेही तेच. माठातले पाणी देशावर जितके गार होते तितके कोकणात होत नाही, त्याचेही कारण हेच.

स्लॅबवर संध्याकाळी पाणी मारण्याची पद्धत अनेक घरांत आहे. ती कूलरइतकी निरुपयोगी नाही, कारण वाफ बाहेर उडते आणि गारवा स्लॅबला मिळतो. पण विहिरी आटतात त्याच दिवसांत ती करायची असते, आणि ज्या गावात मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते तिथे गच्चीवर पाणी ओतणे बरे दिसत नाही.

जुने घर

दक्षिण कोकणातले जुने घर जांभ्याच्या चिऱ्यांचे. चिरा खाणीत मऊ असतो, उघड्यावर कठीण होतो. सच्छिद्र असल्याने काळ्या पाषाणापेक्षा उष्णता सावकाश पुढे देतो. रायगडात काळा दगड आणि विटांच्या भिंतीही दिसतात. भिंतीपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिच्यावर ऊन पडूच न देणे, आणि हे काम पडवी करते. छपराची उतरण भिंतीच्या बरीच पुढे, माणसाला वाकून आत यावे लागेल इतकी खाली आणलेली असते. ती पावसाच्या झडीसाठी आहे असे सगळे सांगतात, आणि ते खरेही आहे. पण पश्चिमेचे तिरपे ऊनही तीच अडवते. घराच्या पोटातले माजघर त्यामुळे दिवसभर अंधारे आणि गार राहते. दुपारची झोप तिथेच.

वर कौले. आधी नळीची होती, नंतर मंगळुरी आली. मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये कारखाना काढल्यावर ही चपटी कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. कौल दुपारी चांगलेच तापते, पण पातळ असल्याने ऊन कलले की लगेच निवते, आणि वर साचलेली गरम हवा फटींतून निघून जाते. तापलेल्या कौलाची धग मात्र सरळ खाली अंगावर येते. ती अडवायला मध्ये काहीतरी हवे, आणि तिथे माळा किंवा लाकडी तक्तपोशी कामाला येते. माळ्यावर पेंढा, सुकवलेले नारळ, कोकमाची आमसुले, जुन्या पेट्या भरलेल्या असत. ही अडगळ म्हणजे फुकटातले उष्णतारोधक होते. जुने घर ‘मोकळे दिसावे’ म्हणून माळा काढून कौले उघडी टाकणारे लोक नंतर उकडते म्हणून तक्रार करतात. होम-स्टेसाठी दुरुस्त केलेल्या घरांत ही चूक फार दिसते.

भातकापणी-झोडणी आटोपली की खळ्यात मांडव पडतो, मालवणीत माटव. चिवारीच्या (बांबूच्या) नाहीतर पोफळीच्या खांबांवर आडवे वासे, ते सुंभाने आवळलेले, आणि वर नारळाची चुडते किंवा विणलेले झाप. हे आच्छादन वारा पूर्ण अडवत नाही आणि ऊनही पूर्ण सोडत नाही. घराच्या दारासमोरची शेणाने सारवलेली जमीन दिवसभर सावलीत राहिल्याने ओटीवर येणारा वारा तापलेल्या अंगणावरून येत नाही, मांडवाखालून येतो. फरक केवढा पडतो हे पाहायचे असेल, तर मांडवाच्या कडेला एक पाय उन्हातल्या मातीवर आणि एक सावलीत ठेवून बघावा. आता झापांच्या जागी हिरवे शेडनेट आले आहे. ते लावायला सोपे. पण एकेरी जाळीतून निम्मे ऊन येते, त्यामुळे निदान दुहेरी टाकावे. पावसाआधी मांडव उतरवला की जे झाप बरे असतात ते पश्चिमेच्या भिंतीला झडीपासून आडोसा म्हणून लागतात.

गुहागर, दिवेआगर, केळशी, आंजर्ले अशा गावांची आखणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. रस्त्याला लागून घर, आणि मागे समुद्राच्या दिशेने नारळ-पोफळीची लांबट वाडी. दुपारचा वारा किनाऱ्याची तापलेली वाळू ओलांडून आला तरी घरात शिरण्याआधी त्याला या सावलीतून यावे लागते, आणि कलते ऊनही वाडीतच अडते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या दक्षिण भागात आणि शेजारच्या दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावर अशा वाड्या आडव्या झाल्या. पोफळ उभी राहून धरायला काही वर्षे जातात. बागेच्या उत्पन्नाचे नुकसान मोजले गेले, घरावरची सावली कोणी मोजली नाही.

याच्या उलट उदाहरण म्हणजे सड्यावरचे, म्हणजे उघड्या कातळपठारावरचे बंगले. जुन्या वस्त्या सड्याखालच्या उतारांवर, झाडीत वसलेल्या असत. कातळाचा सडा उन्हाळ्यात रात्रीपर्यंत धग धरून असतो, आणि तिथे झाडाला माती नसते. समुद्र दिसावा म्हणून पश्चिमेला काचेची भिंत करून सड्यावर घर बांधणे हा मालकाचा हक्क आहे, पण मग विजेच्या बिलाबद्दल कोकणच्या हवेला बोल लावू नये.

स्लॅबचे घर

आज नवीन बांधले जाणारे बहुतेक घर सिमेंटच्या स्लॅबचे असते. कौले शाकारण्याचा खर्च, माकडांचा त्रास आणि कामाला माणूस न मिळणे ही त्यामागची कारणे खरी आहेत. उन्हाळ्यात मात्र हा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि काही तासांच्या विलंबाने ते खाली सोडतो. म्हणून बाहेर संध्याकाळचा वारा सुटलेला असताना आत जेवायच्या वेळी छत हाताला गरम लागते. पंखा त्याच छताला लटकलेला असतो आणि तिथली हवा खाली ढकलतो.

सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा. गच्चीवर चुन्याचे दोन हात दिले की पांढरा पृष्ठभाग बरेचसे ऊन परत फेकतो. कोकणात त्याची एक अडचण आहे: तीन हजार मिलिमीटरच्या पावसात चुना टिकत नाही आणि उरलेल्यावर काळे शेवाळ धरते. म्हणून शिमग्याच्या आसपास, दरवर्षी, आधी गच्ची खराट्याने घासून, असा तो क्रम ठेवावा लागतो. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांची मोझॅक गच्ची जास्त टिकते, खर्चही जास्त.

कोकणाने आपला म्हणून शोधलेला उपाय वेगळाच आहे. पाच-दहा पावसाळ्यांत स्लॅब गळू लागला की लोक गच्चीवर लोखंडी सांगाड्याची पत्र्याची शेड चढवतात. ती गळतीसाठी असते, पण तिच्यामुळे स्लॅब कायमचा सावलीत जातो, आणि मधल्या उघड्या जागेतून वारा वाहत असल्याने पत्र्याची धग खाली पोहोचत नाही. दिसायला ती कोणालाच आवडत नाही, वास्तुविशारदांना तर मुळीच नाही. तरी स्लॅबच्या घरासाठी याहून कामाची वस्तू दाखवता येत नाही. अट एकच, बाजू उघड्या हव्यात. त्या पत्र्याने बंद करून वर खोली काढली की भट्टी तयार होते. वादळी वाऱ्याचा विचार करून सांगाडा कॉलममध्ये नीट अडकवलेला असावा, हे निसर्ग आणि मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर सांगायला नको.

वारा आणि पंखा

दमट हवेत अंगावरचा वारा हाच खरा गारवा. पंखा हवा थंड करत नाही, घाम उडवतो. तेवढ्याने दोन-तीन अंश कमी असल्यासारखे वाटते. खोलीत कोणी नसताना तो चालू ठेवणे म्हणून व्यर्थ. जुना छताचा पंखा ७० ते ८० वॉट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या) मोटरचा ३० ते ३५. मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यापावसात वीज जाते तेव्हा इन्व्हर्टरवर हा दुसरा पंखा दुप्पट वेळ चालतो, आणि गावात लोक तो घेतात ते मुख्यतः यासाठी.

वारा आत यायचा तर त्याला बाहेर जायलाही वाट हवी. समुद्राकडची खिडकी उघडी आणि समोरचे दार बंद असेल तर वारा उंबरठ्यावरूनच परततो. जुनी दोन फळ्यांची, लाकडी गजांची खिडकी पूर्ण उघडते, आणि तिची खालची पट्टी चटईवर निजणाऱ्याच्या अंगावर वारा देईल इतकी खाली असते. ॲल्युमिनियमची सरकती खिडकी निम्मीच उघडते. त्यात डासांची जाळी, तीही मिठाने आणि धुळीने बुजलेली. जाळी महिन्यातून एकदा साध्या पाण्याने धुणे हा इतका साधा उपाय आहे की तो कोणी करत नाही. रात्री मतलई वारा पडलेला असेल तर एका खिडकीत टेबलपंखा बाहेरच्या दिशेने लावावा. आतली गरम हवा निघते आणि दुसऱ्या खिडकीतून बाहेरची शिरते.

किनाऱ्यावर दुपारीही खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कारण बंद खोलीत माणसांचा आणि स्वयंपाकाचा दमटपणा साठतो. खोऱ्यातल्या घरात सकाळी दहानंतर मिटून संध्याकाळी उघडाव्यात. चूल पूर्वी मागच्या पडवीत असे. गॅस घरात आला, पण त्याची वाफ बाहेर काढणारा एक्झॉस्ट पंखा बऱ्याच घरांत आला नाही.

एक खोली, एक एसी

घरात वयस्कर माणूस, तान्हे मूल किंवा हृदयरोगी असेल तर एका खोलीला एसी लावण्यात कमीपणा नाही. किनाऱ्यावर त्याचे बरेचसे काम हवा कोरडी करण्याचे असते, त्यामुळे २६-२७ अंशांवर ठेवून वर पंखा चालवला तरी पुरते. कौलारू घरात त्या खोलीला आधी घट्ट छत करून घ्यावे लागते. बाहेरचे युनिट मात्र समुद्राच्या तोंडावर बसवू नये. खाऱ्या हवेने त्याच्या ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांचा भुगा होतो आणि गॅस गळू लागतो. ते घराच्या आडोशाला, पूर्वेच्या भिंतीवर घ्यावे, अधूनमधून वीज बंद करून गोड्या पाण्याने धुवावे, आणि त्याचे गळणारे पाणी परसातल्या अळवाकडे सोडावे.