टोपीखालची फट

नागपूरच्या महाल भागात माझी मावशी लांब रोट्यांच्या ऑर्डरी घेते. सैल कणीक दोन्ही हातांवर लांबवत न्यायची आणि उपड्या मडक्यावर टाकायची. मडक्याखाली लाकडाची चूल, आणि चुलीमागून पडवीच्या पत्र्यातून वर गेलेला सहा इंची पाइप. गेल्या जूनमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात पाणी त्या पाइपातून वर्षभराची काजळी घेऊन खाली उतरलं आणि चुलीत राखेचा चिखल झाला. मग जवळच्याच एका फॅब्रिकेटरकडून पाइपाला टोपी बसवून घेतली. छान चकचकीत, शंकूच्या आकाराची. दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला.

"पाणी तर बंद झालं रे, पण सारा धूर घरातच येऊन राहिला!"

टेप घेऊन मी वर चढलो. पाइपाचं तोंड आणि टोपीची कड यांच्यात जेमतेम एक बोट जागा होती, पाऊण इंच. माझ्या मते अर्ध्याअधिक टोप्या इथेच फसतात. पत्रा कोणता, चमक किती, हे सगळे विचारतात. फट कोणी मोजत नाही.

हिशेब शाळेतलाच आहे. सहा इंची पाइपाच्या तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस इंच. टोपी आली की धुराला सरळ वर जाता येत नाही, त्याला चहूबाजूंच्या फटीतून आडवं निसटावं लागतं. पाइपाचा परीघ सुमारे १९ इंच, फट पाऊण इंच, म्हणजे वाट उरली १४ चौरस इंचांची. निम्मी! ही वाट पाइपाच्या तोंडाइतकी व्हायला फट व्यासाच्या किमान पाव पट लागते, म्हणजे सहा इंचाला दीड इंच. हा कागदावरचा हिशेब झाला. धुराला वळण घ्यावं लागतं, पाखरांसाठी लावलेल्या जाळीच्या तारा जागा खातात, काजळी साचते. म्हणून व्यासाच्या निम्मी, म्हणजे तीन इंच फट ठेवलेली बरी.

एवढी काटेकोर मोजणी कशाला, तर धूर वर ओढणारा जोर फारच दुबळा असतो. गरम हवा पसरते, म्हणून तेवढ्याच जागेत ती हलकी भरते. पाइपातला धूर सरासरी १२७ अंश सेल्सिअस धरला, तर त्याचा एक घनमीटर सुमारे ०.८८ किलो भरतो. डिसेंबरातल्या पहाटे बाहेर १० अंश असेल, तर बाहेरची हवा घनमीटरला १.२५ किलो. तीन मीटर उंच पाइपात या फरकामुळे दाब तयार होतो साधारण ११ पास्कल. म्हणजे किती? ताटलीत जेमतेम एक मिलिमीटर पाणी पसरलं, तर त्याचा तळाशी जेवढा दाब पडेल तेवढा. आपल्या धुराड्याची सगळी ताकद ती एवढीच.

आता नागपूरचा मे आठवा. बाहेर ४५ अंश, हवा आधीच पातळ झालेली, घनमीटरला १.११ किलो. तोच पाइप, तीच चूल, पण दाब सातच्याही खाली येतो. एक तृतीयांशाहून जास्त जोर निव्वळ उन्हानं खाल्ला. त्यात चूल विझलेली असेल आणि सावलीतला पाइप आतून बाहेरच्या हवेपेक्षा थंड असेल, तर प्रवाह उलटाच फिरतो. बाहेरची हवा खाली येते आणि पेटवलेल्या पहिल्या काडीचा धूर तोंडावर. मावशी अशा वेळी चुलीच्या मागच्या तोंडाशी आधी वर्तमानपत्राचा बोळा जाळते. पाइप गरम झाला की हवा बरोबर वर वळते. हे तिला कोणी शिकवलं नाही.

ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांनी हा प्रयोग लहानपणीच केलेला असतो. मधल्या नळीवरचं झाकण अर्धं सरकवलं की विस्तव मंदावायचा, पुरतं बंद केलं की धूर खालून बाहेर. मावशीच्या टोपीनं तेच केलं होतं.

मग कोराडीच्या वीजकेंद्राच्या उंच चिमण्यांना टोपी का नसते, असं भाच्यानं विचारलं. रास्त प्रश्न. तिथला धूर इतक्या वेगानं वर फेकलेला असतो की टोपी त्याच्या वाटेतला अडथळाच ठरेल, आणि तो जितका वर जाईल तितका विरळ होऊन खाली येईल, हाच तर उंचीचा हेतू. आपल्याकडे वीजनिर्मितीच्या मोठ्या संचांना २७५ मीटरपर्यंत उंचीची चिमणी असते ती त्यासाठीच. आपला पाइप तीन मीटरचा, त्याला पावसापासून जपावंच लागतं.

फट मोठी केली तर तिरपा पाऊस आत येणार नाही का? येईल, टोपी लहान असेल तर. पाऊस ४५ अंशांनी तिरपा आला, तर तो फटीच्या उंचीइतकाच आत सरकतो. म्हणून तीन इंच फटीला टोपी चारी बाजूंनी तीन इंच बाहेर हवी: सहा इंची पाइपाला बारा इंची टोपी.

धातूचं आता. जीआय पत्रा, म्हणजे जस्ताचा लेप दिलेलं लोखंड, स्वस्त आणि चांगलं. ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. मात्र सतत २०० अंशांच्या वर तापलं तर लेप सुटू लागतो, आणि वेल्डिंग केलं तर जोडाजवळ तो जळूनच जातो. गंज पहिला तिथेच धरतो. त्या वेळी निघणारा जस्ताचा पांढरा धूर कारागिराला ताप आणू शकतो, ते वेगळंच. जीआय टोपी रिव्हेटनं जोडून घ्यावी.

स्टेनलेस स्टील टिकतं ते त्यातल्या क्रोमियममुळे. त्याचा काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर पृष्ठभागावर बसतो आणि खरवडला तरी हवेत पुन्हा बनतो. ३०४ ग्रेडमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. इतवारीच्या बाजारात खिशातला लोहचुंबक लावून "चिकटत नाही, म्हणजे ३०४" असं ठरवणारे गिऱ्हाईक मी पाहिलेत. स्वस्तातल्या २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही, आणि खरं ३०४ वाकवलं की त्या वळणावर थोडंसं चिकटू शकतं. त्यापेक्षा बिलावर ग्रेड लिहून घ्यावा. आणि स्टेनलेसच्या टोपीला ॲल्युमिनियमचे रिव्हेट नकोत. दोन धातू ओले झाले की ॲल्युमिनियम आधी झिजतं. मोठ्या टोपीपुढे इवलासा रिव्हेट, तो लवकर संपतो आणि एखाद्या वावटळीत टोपी शेजारच्या गच्चीवर.

मावशीसाठी नवी टोपी करून घेतली, तिला जाळी लावली ती अर्ध्या इंची घरांची. साळुंकी आत शिरू नये एवढी बारीक, काजळीनं बुजू नये एवढी मोठी. मच्छरजाळीसारखी बारीक लावली तर महिन्याभरात ती झाकणच होऊन बसते.

बसवण्याआधी चूल रात्रभर थंड होऊ दिली. टोपीची कॉलर पाइपावर सरकवली आणि चार स्क्रू मारले, वेल्डिंग मुद्दाम नाही, कारण ती काढून धुवायची आहे. पाइप छपरातून निघतो तिथे पूर्वी सिमेंट गच्च भरलेलं होतं आणि दर वर्षी तडकायचं. साहजिक आहे. तीन मीटरचा लोखंडी पाइप २०० अंशांनी तापला की सात मिलिमीटर लांबतो, सिमेंट काही लांबत नाही. तिथे पाइपाला सरकायला मोकळीक ठेवली आणि त्यावर पाइपालाच आवळलेली पत्र्याची झालर दिली. पाणी झालरीवरून बाहेर पडतं.

ज्यांच्या ओट्यावर विजेची चिमणी आहे त्यांचं काम पंखा करतो, त्यांना फटीचा एवढा जाच नाही. पण भिंतीबाहेरच्या टोपीची उघडझाप करणारी पट्टी तेलकटपणानं चिकटली की आवाज वाढतो आणि फोडणीचा वास घरभर राहतो. अधूनमधून बाहेरून बघावं.

चुलीवाल्यांनी मात्र धूर दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. रसरसलेल्या कोळशाचा धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघत असतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. म्हणून टोपी बसवल्यावर पहिली परीक्षा उदबत्तीची. पाइप थोडा गरम करून चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरली. धुराची रेघ आधी जागीच थबकली, मग वाकली आणि आत ओढली गेली.

मावशीनं ती उदबत्ती माझ्या हातातून घेतली, देवघरात खोचली आणि कणीक तिंबायला बसली. रविवारच्या चाळीस रोट्या व्हायच्या होत्या.