साठीनंतर वजन कमी करताना काय खावे, किती खावे

आमच्याकडे आहारसल्ल्यासाठी नाव नोंदवणाऱ्या साठीपुढच्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक आहे. पहिल्या भेटीआधी एकदा सावकाश वाचा. घरात स्वयंपाक दुसरे कोणी करत असेल तर त्यांनाही वाचायला द्या, कारण तेलाची बरणी त्यांच्या हातात असते.

काटा अर्धेच सांगतो

चाळिशीत ज्या डाएटने पाच किलो उतरले होते, तेच डाएट साठीनंतर केले तर अंगलट येऊ शकते. याचे कारण स्नायू. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. त्यात नुसते जेवण कमी केले, तर उतरलेल्या वजनातला सुमारे पाव भाग चरबीचा नसतोच. काट्यावर चार किलो कमी दिसतात, पण त्यातला एक किलो पायांच्या ताकदीतून गेलेला असतो. पुढे वजन परत वाढले तर येते ती बहुतांशी चरबी. म्हणून वजन वारंवार घटवणे-वाढवणे या वयात फार महागात पडते.

२०११ साली ६५ वर्षांपुढच्या १०७ स्थूल व्यक्तींवर वर्षभर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसता आहार कमी केलेल्या गटाचे वजन १० टक्क्यांनी उतरले आणि आहारासोबत व्यायाम करणाऱ्यांचे ९ टक्क्यांनी, म्हणजे जवळपास सारखेच. चरबी सोडून उरलेल्या वजनातली घट मात्र पहिल्या गटात ५ टक्के होती आणि दुसऱ्यात ३. खुब्याच्या हाडांची घनताही पहिल्या गटात जास्त घटली. आमचे सगळे नियोजन याच फरकावर उभे आहे.

वजन कमी करायचे का, हे आधी ठरवू

उंची नव्याने मोजा. वयानुसार मणके दबतात, उंची दोन-चार सेंटीमीटरने कमी होते, आणि जुनी उंची धरली तर बीएमआय (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) चुकतो. बीएमआय २५ ते ३० असेल आणि वजनामुळे काही त्रास नसेल, तर साठीनंतर आम्ही वजन घटवायला सांगत नाही. अशा वेळी जेवणाचा दर्जा आणि ताकद सुधारतो, वजन आहे तिथे राहू देतो. ३० च्या पुढे असेल, किंवा गुडघे, साखर, रक्तदाब वजनामुळे बिघडत असतील, तर सहा महिन्यांत मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के एवढेच उद्दिष्ट ठेवतो. कमी वाटले तरी फायदा मोठा आहे: गुडघेदुखी असलेल्यांमध्ये एक किलो उतरले की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

काहीही न करता सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरले असेल, तर खूश होऊ नका. आधी डॉक्टरांकडे जा, मग आमच्याकडे या.

रोजच्या गरजेपेक्षा सुमारे ५०० कॅलरी कमी ठेवल्या की आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरते. दिवसाचे एकूण खाणे १,२०० कॅलरींच्या खाली आम्ही नेत नाही. त्याखाली प्रथिने, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे जेवणातून पुरी पडत नाहीत, आणि फार झपाट्याने उतरणाऱ्या वजनात पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

प्रथिने आधी, बाकीचे नंतर

कमी खायचे म्हटले की बहुतेक जण रात्री सूप आणि एखादे फळ यांवर भागवतात. चूक इथेच होते. पोट भरते, पण त्या जेवणात जेमतेम ३-४ ग्रॅम प्रथिने असतात. उतारवयात स्नायू प्रथिनांना मंद प्रतिसाद देतात. एका वेळी २० ते ३० ग्रॅम मिळाली तरच ते नीट कामाला लागतात. सकाळी ५, दुपारी १० आणि रात्री ३० अशी वाटणी त्यामुळे फारशी उपयोगी नाही.

दिवसाचा हिशेब निरोगी वजनाच्या दर किलोला १ ते १.२ ग्रॅम असा धरा. निरोगी वजन म्हणजे तुमच्या उंचीला शोभणारे, काट्यावरचे नव्हे. समजा उंची १५८ सेंटीमीटर, वजन ७८ किलो. निरोगी वजन ६० ते ६२ धरले तर गरज झाली ६० ते ७५ ग्रॅम. ती अशी भरता येते: सकाळी दोन अंडी, २०० मिली दूध आणि ६० ग्रॅम धान्य (कच्चे मोजून), सुमारे २५ ग्रॅम. दुपारी ४० ग्रॅम कोरडी डाळ किंवा कडधान्य, १५० ग्रॅम दही आणि ६० ग्रॅम धान्य, सुमारे २० ग्रॅम. रात्री १०० ग्रॅम मासे आणि भाज्या, आणखी सुमारे २० ग्रॅम. मधल्या वेळी २५ ग्रॅम शेंगदाणे, ६ ग्रॅम. मासे-अंडी खात नसाल तर पनीर, सोयाबीन आणि दूध वाढवावे लागते. त्याचे वेगळे कोष्टक भेटीत करून देतो.

डाळीबद्दल एक इशारा. वाटीभर डाळ म्हणजे किती, हे वाटीवरून कळत नाही. पळी उभी राहील अशी दाट डाळ आणि तळ दिसेल अशी पातळ डाळ यांत कोरड्या डाळीचा फरक दुप्पट-तिप्पट असतो. म्हणून एकदाच, शिजवण्यापूर्वी, माणशी ४० ग्रॅम डाळ काट्यावर तोलून पाहा आणि ती घरातल्या कोणत्या भांड्यात किती येते याची खूण लक्षात ठेवा.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हा हिशेब स्वतःहून लावू नये. त्यांची प्रथिनांची मर्यादा डॉक्टर ठरवतात.

दातांचेही पाहा. कवळी सैल झाली की माणूस नकळत मऊ खाण्याकडे वळतो: बिस्किटे, पाव, मऊ भात. शेंगदाणे, कोशिंबीर, मांस आपोआप सुटते. अशा वेळी आहाराचा तक्ता बदलण्याआधी कवळी बसवून घेतलेली बरी.

कापायचे कुठून

तेल, साखर आणि मधले खाणे, याच क्रमाने. एक मोठा चमचा (१५ मिली) तेल म्हणजे १२० कॅलरी. बरणीतून धार सोडणाऱ्याचा एक चमचा बहुधा दोन-तीन चमचे असतो. उपाय साधा आहे: आठवड्याचे तेल रविवारी वेगळ्या बाटलीत मोजून काढायचे आणि शनिवारपर्यंत तेच पुरवायचे. माणशी दिवसाला २० मिली धरले तर दोघांना आठवड्याला २८० मिली. गुरुवारी बाटली संपली, तर पाणी कुठे मुरते ते कळले.

चहाचे चार कप, दर कपात दोन लहान चमचे साखर, म्हणजे दिवसाला सुमारे ४० ग्रॅम साखर आणि १६० कॅलरी. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी केला तर जीभ फारशी कुरकुर करत नाही. वयानुसार चव बोथट होते आणि साखर-मीठ नकळत वाढते, हेही ध्यानात ठेवा. मीठ दिवसाला एकूण ५ ग्रॅमच्या आत हवे. स्वाद आंबट, मिरी, लसूण यांनी वाढवा.

धान्य बंद करू नका, ताटातली जागा बदला: अर्धे ताट भाज्या, पाव ताट प्रथिने, पाव ताट धान्य. तंतुमय पदार्थ हळूहळू वाढवा आणि सोबत पाणी वाढवा, नाहीतर बद्धकोष्ठता होते आणि दोष आहाराला जातो. या वयात तहान उशिरा कळते. स्त्रियांनी सुमारे १.६ लिटर आणि पुरुषांनी २ लिटर द्रव दिवसभरात विभागून घ्यावेत. हृदय किंवा मूत्रपिंडासाठी पाणी मोजून प्यायला सांगितले असेल तर तीच मर्यादा पाळा.

औषधे चालू असतील तर

हा भाग कृपया ओलांडून जाऊ नका. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना खाणे घटवले आणि मात्रा तीच राहिली, तर साखर धोकादायक खाली जाते. मधुमेहाचीच डॅपाग्लिफ्लोझिन किंवा त्या गटातली गोळी घेत असाल, तर धान्य एकदम तोडणे किंवा कडक उपास करणे टाळा. साखर फार वाढलेली नसतानाही त्यात रक्तात आम्ल साचू शकते. वजन आणि मीठ कमी झाले की रक्तदाबही उतरतो. सकाळी उठताना अंधारी येऊ लागली तर मात्रा तपासून घ्या. वॉरफरिन (रक्त गोठू न देणारे औषध) घेणाऱ्यांनी पालेभाज्या सोडायच्या नाहीत आणि अचानक वाढवायच्याही नाहीत, प्रमाण एकसारखे ठेवायचे. ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून जे मिळते त्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील, तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षे चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. आम्ही कुठलेही औषध कमी-जास्त करत नाही, ते काम तुमच्या डॉक्टरांचेच.

मोजायचे कसे

वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर आणि खाण्याआधी. पहिल्या दहा दिवसांत दीड-दोन किलो झटकन उतरले तर ते बहुतेक पाणी असते. शरीरातल्या साठवणीच्या साखरेसोबत तिच्या तिप्पट पाणी बाहेर पडते. पुढे वेग मंदावला म्हणून खाणे आणखी कापू नका. कंबर शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा.

तिसरे मोजमाप आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसा, हात छातीवर घडी घाला आणि पाच वेळा पूर्ण उभे राहून बसा. कोणीतरी शेजारी असू द्या. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पायांची ताकद कमी आहे. वजन उतरत असताना ही वेळ वाढू लागली, तर आम्ही कॅलरी वाढवतो आणि वजन काही काळ थांबवतो. हाच उठ-बस प्रकार आठवड्यातून तीन दिवस, १०-१० च्या दोन फेऱ्या, हा सुरुवातीचा व्यायाम म्हणून पुरतो. चालणे चांगलेच, पण निव्वळ चालण्याने स्नायू टिकत नाहीत.

पहिल्या भेटीला येताना सगळ्या औषधांच्या पट्ट्या, शेवटचे रक्ततपासणीचे अहवाल आणि तीन दिवसांच्या खाण्याची नोंद (त्यातला एक सुट्टीचा वार) आणा. नोंद खरी लिहा, रात्री उभ्याउभ्या खाल्लेल्या बिस्किटांसकट. आणि घरातला तेलाचा चमचा व जेवणाची वाटी पिशवीत टाका. त्यांत किती मावते ते आम्ही इथेच मोजतो, आणि तुमचा तक्ता त्याच चमच्या-वाटीच्या मापात लिहून देतो.