मेल सर्व्हरचा रिले बंद करायची वेळ का आली

मेल सर्व्हर उभा केला की आज पहिला प्रश्न येतो, रिले (म्हणजे परक्याचा मेल परक्याकडे पुढे पाठवणं) बंद आहे ना? पण मेल पाठवायच्या पद्धतीचं (एसएमटीपी) मूळ नियमपत्रक, १९८२ चा आरएफसी ८२१, काढून बघा, तिथे रिले ही चक्क सोय म्हणून दिलीय. मेल कुठल्या मशीनवरून कुठे जाणार तो रस्ताच पत्त्यात लिहिता यायचा, कारण तेव्हा बरीच मशीन एकमेकांशी थेट जोडलेलीच नव्हती, मधल्याने पुढे ढकललं तरच मेल पोचणार. अनोळखी माणसाचा मेल पुढे पाठवणं म्हणजे शेजारधर्म होता.

नव्वदीच्या दशकात स्पॅमवाल्यांनी हाच शेजारधर्म वापरला. मेलचा मजकूर एकदाच द्यायचा, वर आरसीपीटी टू च्या (मेल कुणाला जायचा ते सांगणाऱ्या) ओळींची रांग लावायची आणि निघून जायचं. एकेकाला पोचवणं, बँडविड्थ, बाउन्सचा (न पोचता परत आलेल्या मेलांचा) ढीग आणि लोकांच्या शिव्या, सगळं त्या सर्व्हरच्या माथी. सेंडमेल या तेव्हाच्या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरच्या ८.८ मध्ये हे अडवायला जागा होती पण नियम आपले आपण लिहायचे होते, आणि सेंडमेलचे रूलसेट (नियम लिहायची किचकट भाषा) ज्यांनी बघितलेत त्यांना वेगळं सांगायला नको. मग १९९८ मध्ये ८.९ आलं आणि त्यात रिले डिफॉल्टनेच बंद. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात कामाचा निर्णय हाच, कारण लोक डिफॉल्ट बदलत नाहीत. दार बंद झाल्यावर ऑफिसबाहेर लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्यांचे मेल अडकले, त्यावर आधी जुगाड आला (पॉप म्हणजे मेल वाचायचं लॉगिन झालं की त्या आयपी पत्त्याला थोडा वेळ रिले उघडा), आणि त्याच सुमारास, म्हणजे १९९८-९९ मध्ये, आपल्या लोकांनी मेल द्यायचं वेगळं दार म्हणजे ५८७ पोर्ट, आणि मेल पाठवतानाच पासवर्ड विचारणारं एसएमटीपी ऑथ कागदावर आले.

पण खरी भांडणं झाली ती ब्लॅकलिस्टवरून, म्हणजे ज्यांचे मेल घेऊ नयेत अशा सर्व्हरच्या याद्यांवरून. उघड्या सर्व्हरची यादी करायची यावर फारसा वाद नव्हता, वाद होता ती यादी करायची कशी यावर. काही याद्या स्पॅम आल्यावरच नाव टाकायच्या, तर काही स्वतःहून जगभरच्या सर्व्हरचं पोर्ट २५ (मेल घ्यायचं दार) ठोठावत फिरायच्या, नुसतं साधं टेस्ट नाही तर पत्त्यात टक्क्याचं चिन्ह घालून, दुहेरी अवतरण घालून, डझनभर प्रकारे, कुठून तरी आत शिरता येतंय का ते बघायला. ज्याच्याकडून एकही स्पॅम गेला नाही तोसुद्धा यादीत. तपासणी अडवली तर तेवढ्यावरूनही काही ठिकाणी नाव चढायचं. अॅडमिन म्हणायचे तुम्हाला आमच्या मशीनवर हात टाकायचा अधिकार कुणी दिला, यादीवाले म्हणायचे आम्ही कुणाला अडवत नाही, यादी वापरायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. हे दुसरं उत्तर मला कधीच पटलं नाही, हजारो सर्व्हर डोळे मिटून तुमचं ऐकतायत हे माहीत असताना असं म्हणणं म्हणजे नामानिराळं राहणं झालं. पण खरं सांगायचं तर रिले बंद करा अशा नुसत्या विनंतीच्या मेलांनी जे झालं नाही ते या याद्यांच्या धाकाने झालं. काही जण तत्त्व म्हणूनही रिले उघडा ठेवून होते, तो वेगळाच विषय.

२००३ च्या आसपास सोबिगसारख्या वर्मनी घरगुती पीसीच स्पॅम पाठवायला लावले तेव्हा स्पॅमवाल्यांना ओपन रिलेची गरज उरली नाही. त्या ब्लॅकलिस्टपैकी एक मोठी यादी २००६ च्या डिसेंबरात बंद झाली, आणि मार्च २००८ मध्ये तिचा डीएनएस (मेल सर्व्हर जिथे यादीबद्दल विचारायचे तो) अचानक प्रत्येक आयपीला 'हो, यादीत आहे' असं उत्तर द्यायला लागला. ज्यांच्या कॉन्फिगमध्ये ती यादी विचारायची जुनी ओळ तशीच पडून होती त्यांचे बाहेरून येणारे सगळे मेल नाकारले गेले.

रिले उघडा राहण्याचं कारणही तोवर बदललं होतं. पोस्टफिक्स या दुसऱ्या मेल सर्व्हरमध्ये रिलेचे नियम आणि स्पॅमचे नियम एकाच यादीत असायचे, वरून खाली वाचायचं आणि परमिट (परवानगी) लागलं की पुढचं बघायचंच नाही. एका ग्राहकाचे मेल स्पॅममध्ये अडकतात म्हणून मी त्याचं डोमेन व्हाइटलिस्टमध्ये टाकलं, आणि ती ओळ रिजेक्ट अनऑथ डेस्टिनेशनच्या (परक्या पत्त्यांवर जाणारा मेल नाकारणाऱ्या नियमाच्या) वर लिहिली. झालं, मेल फ्रॉममध्ये (पाठवणाऱ्याच्या पत्त्यात) ते डोमेन खोटं लिहिणाऱ्या कुणालाही माझा सर्व्हर मोकळा. याच घोळापायी पोस्टफिक्सच्या २०१३ च्या २.१० मध्ये रिलेची यादी वेगळी काढली, आणि अपग्रेड करताना कुणाचे मेल कायमचे परत जाऊ नयेत म्हणून डिफॉल्टमध्ये ५५४ (कायमचा नकार) ऐवजी ४५४, म्हणजे 'नंतर ये', असं ठेवलं.

हल्ली याच चुकीचं नवं रूप कंटेनरमध्ये (सर्व्हर वेगळ्या कप्प्यात चालवतात तिथे) दिसतं. पुढे प्रॉक्सी (मधला दलाल सर्व्हर) असला की बाहेरचं प्रत्येक कनेक्शन एकाच आतल्या आयपीवरून आल्यासारखं दिसतं, तो आयपी मायनेटवर्क्समध्ये (आपल्या विश्वासातल्या पत्त्यांच्या यादीत) बसतो, आणि ऑथ न विचारता सगळ्यांना परवानगी. म्हणून टेस्ट बाहेरच्या नेटवर्कवरूनच करायची, सर्व्हरवर बसून टेलनेटने (हाताने जोडणी करून) केलेल्या तपासणीला काही अर्थ नाही. आणि हे सगळं नीट असूनही क्यू (पाठवायच्या मेलांची रांग) फुगत असेल तर लॉगमध्ये एसएएसएल युजरनेम (ऑथ करताना दिलेलं नाव) बघा, बहुतेक वेळा एकच नाव ओळीने दिसतं, पासवर्ड फुटलेला असतो, आणि रिलेच्या नियमांच्या दृष्टीने तो माणूस अगदी रीतसर आत आलेला असतो.